एका कामाचा हिशेब: ग्रामसभेत पंचायतीच्या खर्चाचा प्रश्न विचारण्याची रीत

ग्रामसभेत खर्चाचा प्रश्न विचारणारे बहुतेक ग्रामस्थ उलट्या क्रमाने जातात. आधी सभेत आरोप होतो, मग सरपंचांचे उत्तर ऐकून बोलणारा गप्प होतो, आणि कागद मागवायला हवे होते हे सभा संपल्यावर लक्षात येते. तोपर्यंत पुढची सर्वसाधारण ग्रामसभा तीन महिने लांब गेलेली असते आणि विषय थंडावतो.

गोव्यातल्या आमच्या गावात एका वाड्यावरच्या गटाराच्या बाबतीत आम्ही हीच चूक केली. कामाच्या अंदाजपत्रकात गटाराची लांबी ८५ मीटर होती आणि जागेवर ५४ मीटर भरत होती, म्हणून ३१ मीटर गटार कागदावरच बांधले गेले, असे आम्ही भर सभेत म्हटले. उत्तर एका वाक्यात आले: अंदाजपत्रक ८५ मीटरचे होते हे खरे, पण एका जमीनमालकाने पुढे काम करू दिले नाही, म्हणून ठेकेदाराला बिल ६२ मीटरचेच दिले आहे. आम्ही खाली बसलो. ६२ आणि ५४ यांच्यामधले आठ मीटर कुठे गेले, हे त्या दिवशी कोणीच विचारले नाही, कारण ६२ हा आकडा आम्ही तेव्हा पहिल्यांदाच ऐकत होतो. ते आठ मीटर नंतर सिद्ध झाले, पण त्यासाठी सगळे पहिल्यापासून करावे लागले. पुढचे टप्पे त्या दुसऱ्या खेपेच्या क्रमाने लिहिले आहेत.

टप्पा १: एकच काम निवडा आणि ते कोणाचे आहे हे ठरवा

‘पंचायतीने गेल्या पाच वर्षांत काय केले’ या प्रश्नाला कोणतेही उत्तर चालते, म्हणून तो विचारू नये. एक गटार, एक संरक्षक भिंत, एका पायवाटेचे पेव्हर, कचरा वर्गीकरणाची एक शेड, असे एकच काम घ्यावे. ते शक्यतो गेल्या दोन वर्षांत पूर्ण झालेले, उघड्यावर असलेले आणि फितीने मोजता येण्यासारखे असावे. डांबरीकरण पहिल्या प्रयत्नासाठी निवडू नये, कारण डांबराच्या थराची जाडी नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही आणि दोन पावसाळे गेल्यावर वाद वाढत जातो.

गावाच्या हद्दीतले प्रत्येक काम पंचायतीचे नसते. मुख्य रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो, ओहोळाचे किंवा बंधाऱ्याचे काम जलस्रोत खात्याचे असू शकते, मोठी बांधकामे गोवा राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळाकडेही असतात, आणि काही कामे जिल्हा पंचायतीच्या निधीतून होतात. उद्घाटनाच्या फलकावर सरपंच आणि पंच (पंचायत सदस्य) यांची नावे असतात, म्हणून काम पंचायतीचे, असा समज लोक करून घेतात. फलकावरच्या नावांवरून काहीही ठरत नाही. काम कोणत्या निधीतून झाले आणि कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा लेखी आदेश) कोणी दिला, या दोनच गोष्टी पाहायच्या असतात.

काम पंचायतीचे असेल तर पैसा कोणत्या खात्यातला आहे हेही विचारून घ्यावे. घरपट्टी, व्यापार परवाने आणि बांधकाम परवान्यांचे शुल्क हा पंचायतीचा स्वतःचा महसूल आहे. त्याशिवाय राज्य सरकारची अनुदाने आणि केंद्रीय वित्त आयोगाचा निधी येतो. वित्त आयोगाच्या पैशाला अटी असतात. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के अनुदान पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिले होते, आणि उरलेले ४० टक्के मोकळे असले तरी ते पगारासाठी किंवा आस्थापनेसाठी वापरता येत नव्हते. निवडलेले काम त्या काळात या निधीतून झाले असेल, तर ते कोणत्या हिश्श्यात बसवले, हाही एक रास्त प्रश्न होतो.

तपासणी: कामाचे नाव, प्रभाग, आर्थिक वर्ष आणि निधीचा प्रकार या चार गोष्टी एका ओळीत लिहिता येत नसतील, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

टप्पा २: मतदार यादीत नाव पाहा, मग तारखा उलट्या मोजा

ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचे नाव त्या गावाच्या मतदार यादीत आहे. लग्न होऊन गावात आलेल्या स्त्रिया, वास्को किंवा फोंड्याला राहायला गेलेले आणि मतदान तिकडे हलवलेले लोक, भाड्याने राहणारी कुटुंबे यांच्या बाबतीत इथेच अडचण येते. घर गावात आहे, घरपट्टी नावावर आहे, तरीही नाव दुसऱ्या यादीत असेल तर ठराव मांडता येत नाही. प्रश्न विचारणारा आणि अनुमोदक या दोघांची नावे यादीच्या भाग क्रमांकासह आधीच लिहून ठेवावीत.

गोवा पंचायत राज कायदा, १९९४ नुसार सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी होतात. त्यांशिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर या दिवसांच्या विशेष ग्रामसभा असतात. खर्चाच्या प्रश्नासाठी माझ्या मते जानेवारीची सर्वसाधारण सभा सर्वांत योग्य. पाऊस संपून जागा कोरडी झालेली असते, गटारातला गाळ काढता येतो, आणि पंचायतीचा पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प मार्चअखेर ठरायचा असल्यामुळे पंचायत मंडळालाही उत्तर देण्याची निकड असते. जुलैची सभा या कामासाठी सर्वांत गैरसोयीची, कारण जागेवर जाऊन काही मोजणे शक्य नसते.

जानेवारीची सभा धरली तर तारखा अशा येतात: माहितीचा अर्ज ऑक्टोबरच्या अखेरीस, कागद नोव्हेंबरच्या अखेरीस, नस्तीची (कामाच्या फाइलची) पाहणी आणि जागेवरची मोजणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि लेखी प्रश्न डिसेंबरच्या अखेरीस तयार. माहिती नाकारली गेली तर अपिलासाठी या वेळापत्रकात जागा उरत नाही. म्हणून चवथ (गणेशचतुर्थी) झाली की लगेच अर्ज देणे सर्वांत चांगले.

टप्पा ३: कोणता कागद काय सांगतो, ते समजून घ्या

आमची पहिली खेप इथेच फसली होती, म्हणून या टप्प्यावर थोडे थांबतो. एका कामाच्या नस्तीत साधारणपणे पुढील कागद असतात आणि ते बहुधा याच क्रमाने जन्माला येतात: पंचायत मंडळाचा ठराव, अंदाजपत्रक आणि नकाशा, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा सूचना आणि आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, बिल आणि त्याचे व्हाउचर, काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि निधी सरकारचा असेल तर विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामालाच वापरल्याचा दाखला.

अंदाजपत्रक म्हणजे काय करायचे ठरले होते ते. कार्यादेश म्हणजे कोणाला, किती रकमेत आणि किती दिवसांत करायला सांगितले ते. काय केले आणि किती केले, याची नोंद मात्र एकाच ठिकाणी असते, ती मोजमाप पुस्तिकेत. तिलाच सगळे ‘एमबी’ म्हणतात. ठेकेदाराचे बिल या पुस्तिकेतल्या मापांवर निघते, अंदाजपत्रकावर निघत नाही. त्यामुळे जागेवरच्या मापाची तुलना नेहमी मोजमाप पुस्तिकेशीच करायची असते. अंदाजपत्रक आणि जागा यांच्यातला फरक पुष्कळदा निर्दोष असतो: जागा मिळाली नाही, खडक लागला, कामाचा एक भाग दुसऱ्या योजनेत गेला. मोजमाप पुस्तिका आणि जागा यांच्यातल्या फरकाला मात्र स्पष्टीकरण द्यावेच लागते, कारण तेवढ्या कामाचे पैसे दिले गेलेले असतात.

तीन आकडे तीन रकान्यांत मांडण्याची सवय लावून घ्यावी: ठरलेले, बिलातले, जागेवरचे. आमच्या गटारासाठी ते ८५, ६२ आणि ५४ असे होते. पहिल्या सभेत आमच्याकडे मधला रकाना नव्हता.

सावधान: ई-ग्रामस्वराज या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर पंचायतीचा वार्षिक आराखडा आणि जमाखर्च पाहता येतो, आणि सुरुवात म्हणून तो जरूर पाहावा. पण आराखड्यातली रक्कम म्हणजे झालेला खर्च नव्हे. आराखड्यात नाव आहे आणि काम दिसत नाही, एवढ्यावरून कोणावरही आरोप करू नये. ते काम अजून हाती घेतलेलेच नसेल.

टप्पा ४: माहिती अधिकाराचा अर्ज थोडक्यात आणि नेमका लिहा

पंचायत सचिव हे पंचायतीचे जन माहिती अधिकारी असतात. अर्जाचे शुल्क १० रुपये आणि प्रतींचे प्रत्येक पानाला २ रुपये. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन अर्जदारावर नाही, आणि कोणी विचारले तरी ते अर्जात लिहू नये. अर्ज मराठीतून देता येतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबरच मराठीच्या शासकीय वापरालाही मान्यता दिलेली आहे.

अर्ज फसण्याची कारणे बहुधा दोन असतात. पहिले म्हणजे ‘का’ असा प्रश्न. ‘गटार अर्धवट का सोडले’ ही माहिती नव्हे, ते स्पष्टीकरण आहे, आणि असे स्पष्टीकरण नस्तीत नाही, असे उत्तर सचिव नियमाला धरून देऊ शकतात. दुसरे म्हणजे हाव. दहा वर्षांच्या सर्व कामांची सर्व कागदपत्रे मागितली की उत्तर लांबते, प्रतींचा खर्च वाढतो, आणि हाती आलेल्या गठ्ठ्यातून हवे ते पान शोधणे कठीण होते. अर्जाचा मजकूर पुढीलप्रमाणे असावा:

‘प्रभाग क्रमांक अमुक येथील अमुक गटाराच्या बांधकामाबाबत, आर्थिक वर्ष अमुक, पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात: (१) अंदाजपत्रक आणि नकाशा, (२) कार्यादेश, (३) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने, (४) सर्व बिले आणि व्हाउचर, (५) काम पूर्ण झाल्याचा दाखला. तसेच या कामाच्या संपूर्ण नस्तीची पाहणी करण्यासाठी दिनांक आणि वेळ कळवावी.’

शेवटचे वाक्य विसरू नये. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या कलम २ (जे) मध्ये प्रती घेण्याबरोबरच अभिलेखांची आणि प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा, तसेच वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. बहुतेक अर्जदार तो मागतच नाहीत.

मोजमाप पुस्तिका अनेकदा पंचायत कार्यालयात नसून गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या अभियंत्याकडे असते. तसे उत्तर आले तर वाद घालू नये. दुसऱ्या कार्यालयाकडे असलेल्या माहितीसाठीचा अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवण्याची तरतूद कलम ६ (३) मध्ये आहे. तिचा उल्लेख करून अर्ज वर्ग करण्याची लेखी विनंती करावी.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ती उलटली तर माहिती विनाशुल्क द्यावी लागते. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत पहिले अपील गटविकास अधिकाऱ्यांकडे करावे, आणि तिथेही समाधान न झाल्यास ९० दिवसांत दुसरे अपील गोवा राज्य माहिती आयोगाकडे करता येते.

तपासणी: अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही आहे का? ‘ठेवून जा, नंतर शिक्का मारतो’ असे सांगितले तर थांबावे. अनेक ठिकाणी सचिवांकडे दुसऱ्या पंचायतीचा अतिरिक्त ताबा असतो आणि ते आठवड्यातले ठरावीक दिवसच बसतात. तो दिवस विचारून जावे, किंवा अर्ज पोचपावतीसह टपालाने पाठवावा.

टप्पा ५: नस्ती पाहायला दोघे जा

एकाने वाचावे आणि दुसऱ्याने लिहावे. पाने क्रमाने क्रमांकित आहेत का, हे प्रथम पाहावे आणि शेवटचा क्रमांक आपल्या वहीत टिपून ठेवावा, म्हणजे पुढे पाने वाढली किंवा कमी झाली तर कळते. मग तारखांची एक यादी करावी: ठराव, मंजुरी, निविदा, कार्यादेश, मोजमाप, बिल. कार्यादेशाच्या आधीचे मोजमाप किंवा मोजमापाच्या आधीचे बिल दिसले, तर ते तसेच्या तसे टिपून ठेवावे. निष्कर्ष तिथे बसून काढू नये. खाडाखोड केलेल्या आकड्यांवर बदल करणाऱ्याची सही आहे का, हेही पाहावे.

ठेकेदार कोण, हे सगळ्यांना आधीच माहीत असते, तरीही कार्यादेशावरचे नाव लिहून घ्यावे. पंचायतीच्या ठेक्यात पंचाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे हे कायद्याने अपात्रतेचे कारण आहे. पण हा अत्यंत गंभीर आरोप असून त्याची वाट वेगळी आहे. ‘ठेका भाच्याला दिला’ असे सभेत मोघम बोलल्याने मोजमापाचा स्वच्छ प्रश्न घराघरांतल्या भांडणात बुडून जातो.

टप्पा ६: फीत घेऊन जागेवर जा

यासाठी ३० मीटरची फीत, पाच मीटरची लोखंडी फीत, खडू, कुदळ, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि किमान तीन माणसे हवीत. त्यांतला एक अनुभवी गवंडी असावा. त्याच्याशिवाय जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो, आणि कारणही सांगतो.

मोजमाप पुस्तिकेत चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीची नोंद अशी होती: २ × ६२.०० × ०.३० × ०.६०, म्हणजे २२.३२ घनमीटर. दोन भिंती, लांबी ६२ मीटर, जाडी ३० सेंटिमीटर, उंची ६० सेंटिमीटर. आम्ही गटारात उतरून तळापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत मोजले तर उंची ४५ सेंटिमीटरच भरली. पंधरा सेंटिमीटर चिरा खाल्ला, असे आमच्यातला एक जण मोठ्याने म्हणालाही. सोबतच्या वयस्क गवंड्याने नकाशाची प्रत मागून घेतली, भिंतीच्या बाहेरच्या बाजूची माती कुदळीने ओढली आणि हाताने दाखवले: चिऱ्याचा सर्वांत खालचा भाग तळाच्या काँक्रीटच्या पातळीखाली गेलेला होता. भिंत आधी उभी राहते आणि तळाचे काँक्रीट नंतर दोन भिंतींच्या मध्ये ओतले जाते, त्यामुळे आतून पाहणाऱ्याला तेवढी भिंत कधीच दिसत नाही. बाहेरून मोजले तेव्हा उंची ६० सेंटिमीटर बरोबर भरली. तो आरोप आम्ही सभेत केला असता तर दुसऱ्यांदा खाली बसलो असतो.

लांबीच्या बाबतीत असे काही निघाले नाही. सुरुवातीच्या मोरीपासून शेवटच्या चिऱ्यापर्यंत दोनदा मोजले, वळणावर फीत भिंतीला चिकटवून मोजले, आणि दोन्ही वेळा ५४ मीटर आणि वर काही सेंटिमीटर भरले.

मोजताना पुढील चुका टाळाव्यात. फीत जमिनीवर सैल सोडू नये. वळणावर हवेतून सरळ रेषेत मोजू नये, कारण त्याने लांबी कमी दिसते आणि आपलाच मुद्दा खोटा ठरतो. जुने गटार आणि नवे गटार जिथे जोडले आहे ती जागा आधी खडूने आखून घ्यावी. गाळ साचला असेल तर तो काढल्याशिवाय खोली लिहू नये. फीत दिसेल अशी छायाचित्रे प्रत्येक टोकाला घ्यावीत आणि त्यांत ओळखीची एखादी कायमची खूण, विजेचा खांब किंवा घराचे फाटक, यावे.

सावधान: स्लॅब फोडून किंवा पेव्हर उचकटून पाहू नये. ती सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि मोजणारेच गुन्हेगार ठरण्याची वेळ येते. झाकलेल्या भागाबद्दल शंका असेल तर अभियंत्याच्या उपस्थितीत संयुक्त पाहणीची मागणी करावी.

तपासणी: मोजणीचा अर्ध्या पानाचा टिपण-कागद त्याच दिवशी तयार झाला का, आणि उपस्थित तिघांच्याही सह्या त्यावर आहेत का?

टप्पा ७: सभेआधी प्रश्न लेखी द्या

सभेची सूचना पंचायतीच्या फलकावर लागली की तिच्यातली मुदत आणि विषयपत्रिका पाहावी, आणि मुदतीच्या आत प्रश्न लेखी देऊन प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. ऐनवेळी विचारलेल्या प्रश्नाला ‘कागद पाहून सांगतो’ असे उत्तर मिळाले तर त्यात गैर काहीच नाही. कोणत्याही सरपंचाला शेकडो मापे तोंडपाठ नसतात. लेखी प्रश्न आधी मिळालेला असताना मात्र हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

प्रश्नात विशेषण नसावे. आमचा दुसऱ्या खेपेचा प्रश्न असा होता: ‘अमुक गटाराच्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेत लांबी ६२ मीटर नोंदवलेली असून बिल त्याप्रमाणे अदा झाले आहे. दिनांक अमुक रोजी तीन ग्रामस्थांनी केलेल्या मोजणीत लांबी ५४ मीटर आढळली. उरलेले आठ मीटर काम कोणत्या ठिकाणी आहे?’ भ्रष्टाचार, लूट, हडप यांतला एकही शब्द त्यात नव्हता. छोट्या गावात सरपंच कोणाचा तरी मावसभाऊ असतो, पंच शेजारी असतो, आणि चवथीला एकमेकांच्या घरी आरतीला जायचे असते. प्रश्न माणसाविषयी असला की सभा माणसांची बाजू घेते, आणि गटाराविषयी असला तर निदान काही लोक गटार पाहायला येतात.

टप्पा ८: सभेत हे करा, या क्रमाने

वेळेवर जावे आणि उपस्थिती नोंदवहीत सही करावी. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, नसेल तर सभा अर्धा तास तहकूब ठेवून पुन्हा सुरू केली जाते. त्या अर्ध्या तासात चहाला बाहेर पडलेले लोक परत येईपर्यंत विषय पुढे सरकलेले असतात, म्हणून जागा सोडू नये. मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाते तेव्हा नीट ऐकावे, कारण ते एकदा कायम झाल्यावर त्यातली चूक दुरुस्त करून घेणे अवघड जाते.

आपली पाळी आली की तीनच वाक्ये बोलावीत: बिलातला आकडा, जागेवरचा आकडा, आणि प्रश्न. कागदाच्या प्रती सचिवांच्या हाती द्याव्यात. दुसरा कोणी उठून कचरा, भटकी गुरे, पथदीप असे विषय जोडू लागला, तर त्यांचे म्हणणे योग्य असले तरी आधी हा विषय पूर्ण होऊ द्यावा अशी त्यांनाच विनंती करावी. आरडाओरडा झाला की सभा गुंडाळली जाते आणि प्रश्न इतिवृत्तात येतच नाही.

उत्तर पटले तर तसे तिथेच स्पष्ट म्हणावे. एकदा असे केलेल्या माणसाचा पुढचा प्रश्न लोक लक्ष देऊन ऐकतात. उत्तर पटले नाही तर वाद वाढवण्याऐवजी ठराव मांडावा, आणि तो तोंडी न सोडता घरून लिहून आणलेला वाचावा: ‘सदर कामाची गटविकास कार्यालयातील अभियंता, पंचायत सचिव, देखरेख समितीचे सदस्य आणि अर्जदार यांच्या उपस्थितीत १५ दिवसांच्या आत संयुक्त मोजणी करावी आणि अहवाल पुढील ग्रामसभेत ठेवावा.’ गोव्याच्या कायद्यात पंचायतीच्या कामांवर देखरेख करण्यासाठी ग्रामसभेने समित्या नेमण्याची तरतूद आहे. अनेक गावांत त्या नेमलेल्या असतात, पण त्यांची बैठक होत नाही आणि सदस्यांनाही आपण सदस्य आहोत हे आठवत नाही. समिती नसेल तर ती नेमण्याचा ठराव आधी घ्यावा.

तपासणी: ठराव मांडणारा, अनुमोदक, ठरावाचे नेमके शब्द आणि मुदत, हे सगळे सचिवांनी लिहिले का? सभा संपण्यापूर्वी ते वाचून दाखवण्याची विनंती करावी. ‘चर्चा झाली’ एवढेच लिहिले असेल तर ठराव झालेला नाही असे समजावे.

टप्पा ९: सभेनंतरचे पंधरा दिवस

सर्वाधिक प्रकरणे इथे हातातून निसटतात. सभेत टाळ्या मिळाल्या, वर्तमानपत्रात ‘ग्रामसभा तापली’ अशी बातमी आली, आणि लोक घरी गेले. इतिवृत्ताच्या प्रमाणित प्रतीसाठी दुसऱ्याच दिवशी अर्ज द्यावा. ठरावाची प्रत आणि तीन रकान्यांचा तक्ता जोडून एक पानी पत्र गटविकास अधिकाऱ्यांना द्यावे. तिथे हालचाल झाली नाही तर पंचायत उपसंचालकांना आणि मग पंचायत संचालकांना, त्याच क्रमाने, आधीच्या पत्रांचे आवक क्रमांक लिहून पत्रे द्यावीत. पहिल्याच दिवशी सर्वांना एकदम पत्रे पाठवली की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहते.

संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे, आपली फीत न्यावी, आणि पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही करू नये. आकड्यांत फरक असेल तर सहीखाली आपला आकडा लिहावा. आमच्या मोजणीत अभियंत्याच्या फितीवरही ५४ मीटरच आले, आणि जादा दिलेली रक्कम ठेकेदाराच्या अनामत रकमेतून वळती करून घेण्यात आली.

हे शक्य झाले, कारण अनामत अजून परत दिलेली नव्हती. कार्यादेशात दोष-निवारणाचा कालावधी दिलेला असतो आणि तो संपल्यावर अनामत ठेकेदाराला परत जाते. त्यानंतर वसुली फार कठीण होते. म्हणून टप्पा ५ मध्ये कार्यादेश वाचतानाच ही तारीख काढून ठेवावी, आणि ती जवळ आली असेल तर ग्रामसभेची वाट न पाहता, मोजणी पूर्ण होईपर्यंत अनामत परत करू नये, असे लेखी पत्र पंचायतीला आणि गटविकास अधिकाऱ्यांना त्याच आठवड्यात द्यावे.